बिऱ्हाड बारामतीत, मन जुन्या मंडळीत

बदली होऊन बारामतीत किंवा इंदापुरात आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाचा पहिला महिना सामान लावण्यात, गॅसच्या नोंदणीत आणि मुलांच्या शाळाप्रवेशात निघून जातो. रविवार चुकतात, पण ते फारसे जाणवत नाहीत. जाणवायला लागतात दुसऱ्या महिन्यात, आणि तोवर एक सोय झालेली असते. जुन्या मंडळीची उपासना मोबाइलवर थेट दिसते. चहाचा कप हातात घेऊन, मध्येच कुकरच्या शिट्ट्या मोजत, नगरच्या किंवा सोलापूरच्या पाळकसाहेबांचा उपदेश ऐकता येतो. गाणी तीच, चेहरे तेच. घरातल्या मोठ्यांना वाटतं, चला, एवढं तरी सांभाळलं गेलं.

या सोयीपासून सावध राहा, असं मी मुद्दाम सांगेन. आजारपणात, रात्रपाळीत, प्रवासात ती चांगलीच आहे. पण वर्षभर तीच चालू राहिली की घर बारामतीत आणि मन भलतीकडेच अशी स्थिती होते. मोबाइलवरची मंडळी तुमच्या घरी येऊन तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवू शकत नाही. तुमच्याकडून काही मागतही नाही, हे त्याहून वाईट. ज्या विश्वासाकडून कुणाला काही हवं नसतं, तो हळूहळू फक्त आठवणीपुरता उरतो.

पवित्र शास्त्रात या प्रसंगाला नेमका लागू पडणारा मजकूर यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायात आहे. बाबेलला धरून नेलेल्या लोकांना यिर्मयाने यरुशलेमेहून पत्र पाठवलं. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याचं हित पाहा आणि त्याच्यासाठी प्रार्थना करा, असा त्या पत्राचा आशय. लवकर सुटका होईल म्हणून भाकितं सांगणाऱ्यांवर विसंबू नका, सत्तर वर्षं लागतील, हेही त्यातच आहे. गंमत अशी की याच अध्यायातलं अकरावं वचन आपल्याकडे घरोघर फ्रेम करून टांगलेलं असतं आणि त्याच्या अलीकडची बागा लावण्याची आज्ञा कुणाला आठवत नाही. मला विचाराल तर नव्या गावात आलेल्या माणसाने भिंतीवर ती आज्ञा लावावी.

आधी गाव समजून घ्या

नगराचं हित पाहायचं तर ते कशात आहे हे कळायला हवं. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ते बरंचसं पाण्यात आहे. नीरा डावा कालवा ब्रिटिश काळातला. भाटघर धरणाचं पाणी त्यातून येतं, आणि कालव्याखालचा बागायती पट्टा व कालव्यापासून लांबचा जिरायती पट्टा ही इथली खरी सीमारेषा आहे, मग नकाशा काहीही सांगो. इंदापूर तालुक्यातली बरीच गावं कालव्याच्या शेपटाला. तिथे कालव्याच्या पाण्याचं आवर्तन कधी सुटणार, आपल्यापर्यंत पोचणार का, यावर घराघरांतली बोलणी चालतात. उसाचा दर, कारखान्याचं गाळप, दुधाचा भाव हे विषय माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर इथल्या चहाच्या टपरीवर तुमच्या कानांवर पडतीलच. तुम्ही एमआयडीसीत अभियंता असाल, वैद्यकीय महाविद्यालयात परिचारिका असाल, बँकेत किंवा शाळेत असाल, तरी हे शब्द शिकून घ्या. शेजाऱ्याला 'आवर्तन सुटलं का?' असं विचारणारा माणूस सहा महिन्यांत उपरा राहत नाही. आणि घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मुलांनी आवर्तनासाठी देवाजवळ मागितलं, तर त्या मुलांचं गाव बदललं असं खुशाल समजा.

इंदापुरात स्वतःला उपरे समजणाऱ्यांनी भिगवण, पळसदेव या बाजूच्या वयस्कर माणसांशी एकदा बोलावं. १९८० साली उजनी धरण झालं आणि भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. पळसदेवचं जुनं देऊळ पाणी ओसरलं की आजही वर दिसतं. ते बघायला आणि रोहित पक्ष्यांचे फोटो काढायला पुण्याची माणसं येतात. पण ज्यांची चूल, शेत, विहीर आणि पूर्वजांच्या समाध्या त्या पाण्याखाली आहेत, ती माणसं तिथेच वरच्या अंगाला नवं गावठाण वसवून राहिली. तुमच्या-माझ्या बदलीला परतीची वाट तरी असते. त्यांच्याकडून ऐकण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ऐकताना लगेच वचन सांगायची घाई करू नये.

या दोन तालुक्यांतला ख्रिस्ती समाजही बाहेरून आलेल्या माणसांशी जोडलेला आहे. ऑस्ट्रेलियातल्या चर्चेस ऑफ क्राइस्ट या मंडळींचं मिशन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून बारामतीत होतं. पुढे इंदापूर, दौंड, श्रीगोंदा असा त्याचा पसारा झाला. ज्या देशात नाताळ भर उन्हाळ्यात येतो तिथली ही माणसं कऱ्हेकाठी आली, तेव्हा त्यांना इथली भाषा येत नव्हती, इथलं ऊन सोसत नव्हतं, आणि त्यांचं इथे असणं सगळ्यांना आवडत होतं असंही नाही. त्यांनी दवाखाने, शाळा, वसतिगृहं चालवली. त्यांच्या इतिहासात एक अवघड पानही आहे. इंग्रज सरकारने १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं, पुढे त्यांना वसाहतींत ठेवलं, हजेरी लावली, परवानगीशिवाय बाहेर जायला बंदी केली. अशा काही वसाहतींचा कारभार मिशनांकडे सोपवला गेला. सोलापुरात तसं झालं, बारामतीतही झालं. वसाहतीत शाळा होती, कामधंदा होता, प्रार्थनाही होती, पण कुंपणाच्या आत. १९५२ साली त्या जमाती या कायद्यातून मुक्त झाल्या. आपण हे विसरू नये, कारण दुसऱ्याच्या अडलेपणाचा फायदा घेऊन दिलेली सुवार्ता ही सुवार्ता राहत नाही. हे आजही लागू आहे, त्याकडे मी पुढे येतो.

याच मिशनच्या दुसऱ्या कामाची आठवण बारामतीकर वेगळ्या सुरात काढतात. १९६०च्या दशकातल्या दुष्काळात चर्चच्या मदत-संस्थांकडून, मुख्यतः 'कासा'कडून, धान्य आणि तेल येत होतं. ते नुसतं वाटण्यापेक्षा कामाच्या मोबदल्यात द्यावं आणि त्यातून पाझर तलाव बांधावेत, ही कल्पना इथे राबवली गेली. तेव्हा राजकारणात नव्याने आलेल्या शरद पवारांनी ही हकिकत पुढे वेळोवेळी सांगितली आहे. या कामातूनच १९७१ साली ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्ट उभा राहिला. पाझर तलावाचं पाणी खालच्या विहिरींना लागतं, आणि विहीर कुणाची आहे हे पाणी विचारत नाही. परगावाहून आलेल्या ख्रिस्ती माणसाने इथे काय करावं, याचं याहून नेमकं उत्तर माझ्याकडे नाही.

मंडळी शोधताना

निघताना जुन्या मंडळीतून सभासदत्वाचं पत्र घ्या. कॅथलिक कुटुंबांनी बाप्तिस्मा, दृढीकरण आणि लग्न यांचे दाखले बरोबर ठेवावेत. मुलीच्या लग्नाच्या वेळी, दहा वर्षांनी, जुन्या पाळकांची बदली झालेली असताना हे कागद मागवणं म्हणजे काय त्रास असतो, ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. पत्र नेऊन दिलं की नव्या पाळकांना तुमची जबाबदारी घेता येते. न देता नुसतं मागच्या बाकावर बसत राहिलात तर वर्षानुवर्षं तुम्ही पाहुणेच.

मोठ्या शहरात माणूस आपल्या आवडीची मंडळी निवडतो. बारामतीत निवडीला थोडा वाव आहे, इंदापुरात कमी, आणि वालचंदनगर, भिगवण, भवानीनगर अशा ठिकाणी राहत असाल तर जी आहे ती तुमची. हे मला नुकसान वाटत नाही. नगरकडच्या मिशनमधला, वसईचा कॅथलिक, केरळहून आलेली सिरियन परंपरेतली परिचारिका आणि हात वर करून मोठ्याने प्रार्थना करणारं पेंटेकॉस्टल कुटुंब एका छोट्या खोलीत बसतात, तेव्हा प्रत्येकाला थोडं गिळावं लागतं. कुणाला टाळ्या खटकतात, कुणाला छापील प्रार्थना. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा सुचवू नका. 'आमच्या मंडळीत असं असायचं' हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. त्याऐवजी खुर्च्या मांडायला लवकर जा. मंडळीच्या जुन्या माणसांना नव्याची विद्वत्ता लक्षात राहत नाही, सतरंजी कुणी गुंडाळली हे राहतं.

उलट जुन्यांनाही एक सांगायचं आहे. परभाषी कुटुंब आलं तर त्यांच्यासाठी एखादं हिंदी गाणं घ्या, वाचनाचा अध्याय आणि वचन आधी सांगून ठेवा म्हणजे त्यांना आपल्या भाषेत उघडता येईल. गळीत हंगामात ऊसतोडीसाठी येणाऱ्या टोळ्यांत आपल्या विश्वासाची कुटुंबं असू शकतात. ती फडावरून, कोपीतून म्हणजे खोपटातून, चिखलाच्या पायांनी रविवारी येणार नाहीत, त्यांच्याकडे जावं लागेल. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोपी पडल्या की मंडळीतल्या दोघांनी चक्कर टाकायला काय हरकत आहे?

रविवारच्या सुट्टीचा प्रश्न खरा आहे. कारखान्यात, रुग्णालयात, हॉटेलात साप्ताहिक सुट्टी रविवारीच मिळेल याची खात्री नसते. नोकरीवर रुजू होतानाच महिन्यातून निदान दोन रविवार मागून घ्या. रुजू झाल्यावर वर्षभराने मागितले की तो उपकार होतो. बदल्यात दिवाळीच्या, ईदच्या दिवशी तुम्ही पाळी करा, आपोआप सौदा जमतो. महाराष्ट्रात ठरावीक संख्येहून अधिक कामगारांच्या दुकानांना, आस्थापनांना लागू असलेल्या २०१७च्या कायद्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत. चार राष्ट्रीय आणि राज्याच्या दिवसांच्या, उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी ठरवायच्या सणांच्या. नाताळ आणि उत्तम शुक्रवार त्यात बसवता येतात का, हे यादी ठरण्याच्या आधी विचारा.

आणखी एक सूचना: नव्या गावात एकट्या पडलेल्या माणसाला हेरणारे लोकही असतात. स्वतःला पाळक म्हणवणारा, कुठल्याही मंडळीशी बांधलेला नसणारा, पहिल्याच भेटीत तुमच्या नोकरीबद्दल भाकीत सांगणारा आणि दुसऱ्या भेटीत मोबाइलवरून दशमांश पाठवायला सांगणारा माणूस भेटला तर सरळ विचारा: हिशेब कोण ठेवतं, पावती मिळते का, तुम्हांला दीक्षा कुणी दिली? खऱ्या पाळकाला या प्रश्नांचा राग येत नाही.

घर, शेजार आणि उघडपणा

भाड्याच्या घरासाठी जाल तेव्हा 'तुम्ही कोण?' हा प्रश्न येईलच. आडनाव गायकवाड, साळवे, कांबळे किंवा भोसले असलं की समोरचा मनातल्या मनात काहीतरी ठरवून टाकतो, आणि ते चालून जातंय असं दिसलं की आपण गप्प बसतो. हा मोह मला समजतो. आपल्या समाजाच्या वाट्याला जातीची अवहेलना आलेली आहे, आणि धर्म सांगितला की जातही उकरली जाते, हा अनुभव खोटा नाही. तरीही पहिल्याच आठवड्यात साध्या आवाजात सांगून टाकावं: आम्ही ख्रिस्ती. एखादं घर हातचं जाईल. पण लपवून मिळवलेल्या घरात मुलं काय शिकतात ते बघा. पाहुणे आले की भिंतीवरचा क्रूस काढायचा, जेवणाआधीची प्रार्थना दार लावून करायची. लहान मूल यातून एवढंच शिकतं की आपल्यात काहीतरी लाजिरवाणं आहे.

घरात प्रार्थनासभा ठेवणार असाल तर घरमालकाला आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना आधी सांगा. किती माणसं येणार, किती वाजता संपणार, गाणी असणार का, सगळं. शक्य असेल तर चहाला बोलवा. वातावरण सध्या असं आहे की बंद दाराआड जमलेल्या दहा माणसांबद्दल गल्लीत लगेच चर्चा होते. संविधानाचं पंचविसावं कलम आपल्याला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं, ते माहीत असावं. पण गल्लीत रोज उपयोगी पडते ती ओळख. ध्वनिवर्धक लावूच नका. रात्री दहानंतर त्याला बंदीच आहे, आणि दहाच्या आधीसुद्धा बारा बाय पंधराच्या खोलीत त्याची गरज कुणाला असते?

मघाशी वसाहतींच्या कुंपणाबद्दल म्हणालो त्याचा संबंध इथे येतो. शेजारच्या घरात कुणी आजारी असेल, नवरा पिऊन मारत असेल, मुलगा नापास झाला असेल, तर डबा न्या, रुग्णालयात सोबत बसा, शिकवणी घ्या. त्यांनी विचारलं तर प्रार्थना करा, आणि विचारलं नाही तर घरी येऊन करा. मदतीच्या बदल्यात कुणाकडून काही अपेक्षिलं, अगदी रविवारी येण्याचं आश्वासनसुद्धा, तर ते त्या अडलेल्या माणसावर अन्याय करणारं आहे. तुमच्या विश्वासाबद्दल लोक विचारतीलच. बारामती-इंदापूरची माणसं मोकळी आहेत, नको इतकी मोकळी. तेव्हा खरं, थोडक्यात आणि स्वतःपुरतं सांगा.

आषाढात संत तुकाराम महाराजांची पालखी याच वाटेने जाते. उंडवडी, बारामती, सणसर, आंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी असे मुक्काम. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण, बेलवाडीला गोल रिंगण. परगावाहून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबाला तेव्हा प्रश्न पडतो की आपण काय करायचं. दार लावून बसायचं की काय? मला यात काही पेच दिसत नाही. पाणी द्या, चहा द्या, पायांना लावायला तेल द्या, शौचालय वापरू द्या. शेवटची गोष्ट सगळ्यांत जास्त लागते, विशेषतः बायकांना. पूजेत सहभागी व्हायचं की नाही, हे तुमच्या विवेकाने ठरवा. कुणी तुम्हांला जबरदस्ती करणार नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांच्यानंतरच्या मराठी ख्रिस्ती माणसाला वारकऱ्याला पाण्याचा पेला देताना बिचकण्याचं कारण नाही.

शाळेतली आरती, गणपतीचा प्रसाद, मैत्रिणीच्या घरचं सत्यनारायणाचं बोलावणं यांवर मात्र ख्रिस्ती घराघरांत मतं वेगळी असतात. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातही मूर्तीपुढच्या नैवेद्याचा प्रश्न लांबलचक चर्चिला आहे, म्हणजे तो नवा नाही. मुलांना घरी शांतपणे आधीच सांगून ठेवा: आपण काय खाऊ, कुठे हात जोडू, कुठे नुसते शांत उभे राहू. नियम कोणताही असो, मुलाला तो भीतीशिवाय सांगता आला पाहिजे. नको असेल तर 'नको बाई, धन्यवाद' एवढंच म्हणायचं. वर्गात प्रवचन द्यायला मुलाला पाठवू नका.

जवळचं उदाहरण, केडगावचं

बारामतीहून दौंडमार्गे पुण्याच्या रेल्वेत बसलात की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथे आहे. एकदा मुलांना घेऊन जा. नव्या जागी रुजण्याबद्दल रमाबाईंइतकं कुणी भोगलं आणि शिकलं असेल असं मला वाटत नाही. जन्म कर्नाटकातल्या गंगामूळच्या आश्रमातला. बालपण तीर्थयात्रांत गेलं, दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर चालत देश पालथा घातला. कलकत्त्यात 'पंडिता' ही पदवी, बंगाली पतीशी विवाह, लवकरच वैधव्य, मग पुणे, मग इंग्लंड. १८८३ साली तिथे बाप्तिस्मा. पुढे अमेरिका, मुंबईत शारदा सदन, ते पुण्याला हललं, आणि शेवटी केडगावचं माळरान.

इंग्लंडमध्ये ज्या सिस्टर्सनी त्यांना आश्रय दिला, त्यांच्याशी त्यांचे खटके उडाले. रमाबाई शाकाहारी राहिल्या, आपल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं नकोत म्हणाल्या, आणि शिकवलेलं सगळं मुकाट्याने मानलं नाही. ज्यांच्या घरात राहत होत्या, ज्यांचे उपकार होते, त्यांच्याशी त्या वाद घालत होत्या आणि तरीही प्रेमाने 'आजीबाई' म्हणून त्यांना पत्रं लिहीत होत्या. नव्या मंडळीत गेलेल्या सुनेने, विद्यार्थिनीने, परिचारिकेने हे लक्षात ठेवावं. मंडळीत सामील होणं म्हणजे आपलं जेवण, आपली साडी, आपली बोली सोडणं नाही.

केडगावला त्यांनी १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९००च्या दुष्काळात गुजरातेतून शेकडो मुली आणल्या. त्या मुलींना मराठी येत नव्हती, मुलूख माहीत नव्हता, पुष्कळ जणी मरणाच्या दारातून आलेल्या. रमाबाईंनी त्यांना उपासनेबरोबर विणकाम, शेती, तेलघाणा, दूधदुभतं आणि छपाई शिकवली. पवित्र शास्त्राचा सोपा मराठी तरजुमा त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केला. तो तिथल्याच छापखान्यात, बायकांच्या हातांनी छापला गेला आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली पूर्ण बाहेर आला. हाताला काम आणि समजेल अशा भाषेत देवाचं वचन. मन उदास असलेल्या नव्या रहिवाशालाही मी हेच दोन उपाय सांगतो. नोकरीमागे आलेली जी पत्नी दिवसभर घरात एकटी असते, तिच्यासाठी तर नक्कीच. महिला मंडळात जा, पण तेवढ्यावर थांबू नका. शिवण, शिकवणी, बचत गट, दवाखान्यात मदत, काही तरी धरा. तरीही झोप येत नसेल, रडू आवरत नसेल, तर डॉक्टरकडे जा. प्रार्थना करतो म्हणून गोळी घ्यायची नाही, हा कुठल्याच शास्त्रातला नियम नाही.

आणि वेळ द्या. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल. पती नारायण वामन टिळकांनी धर्म बदलल्यावर त्या नगरला आल्या, तेव्हा त्यांचं सोवळं, त्यांचं पाणी वेगळंच होतं. त्यांनी स्वतःच्या गतीने, स्वतःला पटत गेलं तसं एक-एक सोडलं, आणि पतीनंतर काही वर्षांनी त्या ख्रिस्ती झाल्या. टिळकांसारख्या उतावळ्या माणसानेही वाट पाहिली. तुमच्या घरात कुणी नव्या मंडळीत रमायला उशीर लावत असेल, सासूबाई असतील, कॉलेजातला मुलगा असेल, तर त्यांना ओढू नका.

दोन व्यवहाराच्या गोष्टी उरल्या. एक, घरात म्हातारी माणसं असतील तर ख्रिस्ती दफनभूमी कुठे आहे, तिची व्यवस्था कोणती मंडळी पाहते, परगावच्या कुटुंबाला जागा मिळते का आणि खोदाईसाठी कुणाला फोन करायचा, हे पहिल्या काही महिन्यांतच पाळकांना विचारून लिहून ठेवा. विचारायला संकोच वाटतो, मला माहीत आहे. पण रात्री दोन वाजता, नातेवाईक नगरहून निघालेले असताना, हे शोधत बसण्यापेक्षा तो संकोच परवडला. छोट्या गावांत कधी ग्रामपंचायतीशीही बोलावं लागतं, आणि ते काम ओळखीच्या माणसाकडून लवकर होतं.

दुसरी गोष्ट दानाची. जुन्या मंडळीला दरमहा पाठवत असाल तर एकदम बंद करू नका, त्यांचं वर्षाचं अंदाजपत्रक तुमच्यावर बेतलेलं असेल. वर्षअखेरीला त्यांना कळवा आणि दशमांश इथे द्यायला लागा. तिकडच्या इमारत निधीला, नाताळच्या भेटीला मनात येईल तेव्हा पाठवता येईलच. इथली मंडळी लहान असेल तर तुमचे पाचशे रुपयेही हिशेबात दिसतात, आणि वार्षिक सभेत त्या हिशेबावर प्रश्न विचारण्याचा हक्कही तुम्हांला मिळतो. तो वापरा. पुन्हा बदलीचा हुकूम आला, तर खजिनदाराला महिनाभर आधी सांगा आणि सभासदत्वाचं पत्र विसरू नका.